हिरवी पट्टी

टॅब आले तेव्हा वसंतरावांच्या नोकरीची अडीच वर्षं उरली होती. अडीच वर्षं म्हणजे नवं काही न शिकता सहज काढता येण्याजोगा काळ, असं त्यांचं मत होतं. राहायला ते भोरला, आणि शाळा वेल्हे तालुक्यात. मार्गासनीच्या पुढं डावीकडं आत वळलं की डोंगराच्या पोटाशी उंबरमाळ नावाची वाडी आहे, तिथं. वाडीत तीस-पस्तीस घरं, शाळेत चार वर्ग, अकरा पोरं, आणि चारही वर्गांना मिळून वसंतराव एकटेच. दुसरे गुरुजी बदली होऊन गेले ते गेलेच, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास म्हणतात तसं, त्यात हे अकरा टॅब.

पुण्याच्या कुठल्याशा संस्थेनं ते फुकट दिले होते. वेल्ह्याला एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. संस्थेचा शार्दूल नावाचा पोरगेला माणूस बिनइस्त्रीचा कुर्ता घालून आला होता आणि शिक्षकांना 'मित्रांनो' म्हणत होता. वसंतरावांचा धाकटा मुलगा त्याच्यापेक्षा वयानं मोठा होता. पण सांगत होता ते सोपं होतं. प्रत्येक पोराचा फोटो टॅबवर दिसतो, फोटोवर बोट ठेवलं की त्याचा त्याचा धडा उघडतो. वाक्य वाचायचं आणि बरोबर चित्रावर टिचकी मारायची. जितकं येईल तितकी पट्टी भरत जाते. पट्टी आधी लाल, मग पिवळी, मग हिरवी. मास्तरांनी फक्त आपल्या मोबाईलवर रंग बघायचे.

"पट्टी रिकामी राहता कामा नये, एवढं सांभाळा," शार्दूल म्हणाला. "बाकी सगळं अ‍ॅप करतं."

बाकी सगळं म्हणजे आपण एकतीस वर्षं केलं ते, हे वसंतरावांच्या ध्यानात आलं. त्यांना राग आला, आणि थोडं बरंही वाटलं. चार वर्ग एका माणसानं सांभाळायचे म्हणजे काय असतं हे ज्यानं सांभाळलेत त्यालाच ठाऊक.

अडचण एकच होती. उंबरमाळला रेंज नव्हती. रेंज होती ती वाडीच्या वर, खिंडीत, वीस मिनिटं चढून गेल्यावर. टॅब तिथं नेल्याशिवाय पोरांची माहिती पुण्याला पोचत नव्हती. वसंतरावांचा डावा गुडघा चढाला नाही म्हणत होता. पालकांची बैठक बोलावून त्यांनी शार्दूलचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, पट्टीचंही सांगितलं, आणि रोज कुणीतरी पिशवी खिंडीत न्यावी असा विषय काढला. वाडीनं लगेच पाळ्या लावल्या. पाळ्या लावण्यात वाडीचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि त्या मोडण्यातही. आठ दिवसांत पाळ्या मोडल्या आणि पिशवी सुलक्षणाच्या खांद्यावर आली. तिच्या दोन म्हशी रोज दुपारी खिंडीच्याच अंगाला चरायला जात. जेवणाच्या सुट्टीत ती पिशवी घेई, शाळा सुटायच्या आत आणून देई. सहा महिन्यांत तिनं एकदाही कुरकुर केली नाही.

या सुलक्षणाची मुलगी अश्लेषा. तिसरीत होती, आणि वसंतरावांच्या नोकरीतलं ते सर्वांत मोठं अपयश होतं. पोरगी मंद म्हणावी तर तसं नव्हतं. कविता एकदा ऐकली की पाठ. पाढे पाठ. कुणाच्या गाईला कधी वासरू झालं तेही पाठ. पण वाचायला बसवलं की संपलं. अक्षरं सुटी सुटी दाखवली तर ओळखायची, शेजारी शेजारी आली की तिला ती परकी व्हायची. पाटी झाली, वाळूत बोट फिरवून झालं, पुठ्ठ्याची अक्षरं कापून झाली. तीन वर्षं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. "नावात जोडाक्षर ठेवलंय हिच्या," ते बायकोला म्हणायचे, "आणि हिला साधं 'घर' वाचता येत नाही." विनोद ते करायचे खरे, पण घरी जाताना कापूरहोळच्या फाट्यापर्यंत त्यांच्या डोक्यात तीच पोरगी असायची.

आणि अशा अश्लेषाची पट्टी दिवाळीनंतर पिवळी झाली.

वसंतरावांना आधी वाटलं, मोबाईल बिघडला. मग डिसेंबरात ती पिवळ्याची हिरवट झाली आणि जानेवारीत लख्ख हिरवी. सगळ्याच पोरांचं बरं चाललं होतं, पण बाकीची पोरं आधीही वाचत होती. ही पोरगी तळातून वर आली होती. कानामागून आली आणि तिखट झाली, असं त्या यंत्राबद्दल त्यांच्या मनात आलं. एकतीस वर्षांच्या हातोटीनं जे जमलं नाही ते त्या काळ्या पाटीनं पाच महिन्यांत केलं. त्यांना ते लागलं. पण दुसऱ्या दिवशी अश्लेषा वर्गात आली, तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी तिला उगीचच जवळ बोलावून खडूचा नवा डबा उघडायला दिला. जानेवारीच्या बैठकीत त्यांनी सगळ्या वाडीसमोर सांगितलं, की अश्लेषा आता वाचते. सुलक्षणा मागं बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी शार्दूलचा फोन आला. शनिवारी वेल्ह्याला कार्यक्रम होता. संस्थेचे मोठे लोक येणार, तालुक्यातले साहेब येणार, आणि सगळ्यात जास्त प्रगती केलेलं मूल स्टेजवर उभं राहून टॅबवरचं एक पान वाचून दाखवणार. सगळ्या तालुक्यात अश्लेषाची पट्टी सर्वांत जास्त चढली होती.

"तुमचाही सत्कार आहे सर," शार्दूल म्हणाला.

गुरुवारी सकाळी वसंतरावांनी सराव म्हणून तिच्या हातात दुसरीचं जुनं पुस्तक दिलं. अश्लेषानं ते छातीशी नीट धरलं आणि खड्या आवाजात सुरुवात केली. माकड, सुसर, जांभळाचं झाड. कुठं अडखळणं नाही, थांबायच्या जागी थांबणं, प्रश्न आला की आवाज वर. वसंतराव डोळे मिटून ऐकत होते. तिनं पान उलटलं तेव्हा त्यांनी सहज डोळे उघडले. कुणीतरी कधीतरी जेवताना ते पुस्तक वापरलं असावं, कारण दोन पानं वरणानं एकमेकांना चिकटली होती आणि ती एकदमच उलटली गेली. तिच्यासमोर सुसरीच्या बायकोचं पान नव्हतंच. पुढच्या धड्यातलं टपाल कचेरीचं चित्र होतं. अश्लेषा टपाल कचेरीकडं बघत सुसरीच्या बायकोचा हट्ट वाचत होती. एकही शब्द चुकला नाही.

वसंतरावांनी तिला थांबवलं. डब्याला गुंडाळून आणलेला वर्तमानपत्राचा तुकडा सरळ केला आणि त्यातल्या मोठ्या अक्षरांवर बोट ठेवलं. "हे वाच बघू."

अश्लेषा त्या अक्षरांकडं बघत राहिली. मग तिनं त्यांच्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, आणि तेच त्यांना सोसेना. कुणीतरी उशिरानं घरी आल्यावर आपण बघतो, तसं ती बघत होती.

पोरांना शुद्धलेखन घालून आणि चौथीच्या दोघांना लक्ष ठेवायला सांगून वसंतराव दुपारी खिंड चढले. नोकरीत असं त्यांनी कधी केलं नव्हतं. गुडघ्याला शिव्या देत, तीनदा थांबत ते वर पोचले. खिंडीत करवंदीच्या जाळीच्या सावलीला सुलक्षणा मांडी घालून बसली होती. पुढ्यात पोतं अंथरून त्यावर अकरा टॅब ओळीनं मांडले होते, आणि ती एकाएका टॅबवर बोट चालवत होती, भराभर. मधूनच ओठ हलत. म्हशी कुठं होत्या याचं तिला भान नव्हतं.

"हे काय चाललंय?"

ती दचकून उठली. पदर सावरला. "ह्ये व्हय गुरुजी? ऱ्हायलेलं भरतीय."

"काय राहिलेलं?"

"पोरांच्या पट्ट्या. कुनाची निम्मी असती, कुनाची पाव. तशीच कशी धाडायची वर?" आणि गुरुजींना समजलं नाही असं वाटून तिनं उलगडून सांगितलं. "लोकाचं भांडं घरात आलं तर रिकामं माघारी देत न्हाईत. चार दानं तरी घालतोच की आपन. ह्ये तर पुन्याच्या लोकांनी फुकाट दिलेलं. आन् तुमीच बैठकीत म्हनला हुता, पट्टी रिकामी ऱ्हाता कामा न्हाई म्हनून."

वसंतराव एका दगडावर बसले. म्हणाले होते खरे.

"कधीपासून?"

"दसऱ्यापासनं. आदी कळंना, मग आलं. लई सोपं हाय. मी आटवीपत्तुर शिकलीय गुरुजी, शिवऱ्याला. माजीबी उजळनी झाली." तिनं हे सांगितलं तेव्हा तिच्या तोंडावर असा उजेड होता की वसंतरावांनी आवाज खाली आणला.

"आणि अश्लेषाची पट्टी?"

"तिची तर लईच ऱ्हायाची. म्हनलं घरचंच भांडं, ते आदी भरावं."

"अश्लेषाच्या आई," वसंतराव म्हणाले, "तिला वाचता येत नाही."

सुलक्षणा हसली. "असं कसं? तुमीच तर समद्यांसमोर सांगितलं, वाचती म्हनून. म्या घरी येऊन देवापुढं साकर ठेवली."

मग तिचं हसू हळूहळू गेलं. चार महिन्यांत काय झालं ते दोघांनाही एकदमच दिसलं. गुरुजींनी पट्टीवर विश्वास ठेवला. पट्टी आईनं भरली. आणि आईनं विश्वास ठेवला गुरुजींवर. मधल्या मधे पोरगी होती, तिथंच राहिली.

"आता वं?" सुलक्षणा म्हणाली. "शनवारी सगळ्यांम्होरं हुबी ऱ्हाईल ती. फजिती हुईल पोरीची."

खिंडीत रेंज होती. वसंतरावांनी तिथूनच शार्दूलला फोन लावला, खरं काय ते सांगून मोकळं व्हायचं असं ठरवून लावला. शार्दूल घाईत होता. पत्रिका छापून झाल्या होत्या, मांडववाला कबूल करून आयत्या वेळी नाही म्हणत होता. "सर, एक काम करा ना," तो म्हणाला, "पान तुम्हीच निवडा. मला फोटो पाठवा, तेच टॅबवर लावतो. मुलं घाबरतात स्टेजवर. ओळखीचं पान बरं."

वसंतरावांनी तोंड उघडलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्याच्या पलीकडं त्यांना सगळा तालुका दिसला. सहकारी दिसले, साहेब दिसले, आणि नोकरीची दोन वर्षं राहिलेला म्हातारा मास्तर दिसला, ज्याची पट्टी गावातल्या बाईनं भरली. झाकली मूठ सव्वा लाखाची. "बरं," ते म्हणाले, "पाठवतो."

"सांगितलं का गुरुजी?" फोन ठेवल्यावर सुलक्षणानं विचारलं.

"शनिवार होऊ द्या," वसंतराव म्हणाले.

खाली वाकून तिनं टॅब एकेक करून पिशवीत भरले. अर्धवट राहिलेल्या पट्ट्या तशाच ठेवल्या.

शुक्रवारी वसंतरावांनी एक पान निवडलं, विहिरीवरच्या चिमण्यांचं. त्यांनी ते दोनदा वाचून दाखवलं आणि तिसऱ्या वेळी अश्लेषानं त्यांना म्हणून दाखवलं. बोट ओळींवरून कसं फिरवायचं, ओळ संपली की डावीकडं कसं यायचं, हेही त्यांनी शिकवलं. खोटं काम त्यांनी मन लावून केलं. बाकी पोरं सुट्टीत बाहेर गेल्यावर त्यांनी तिला विचारलं, "येत नाही हे मला सांगितलं का नाहीस गं?"

"सांगनार हुते."

"मग?"

"तुमी वाचाया बोलवत न्हवता."

हे खरं होतं. टॅब यायच्या आधी रोज जेवणाच्या सुट्टीपूर्वी एकेक पोर टेबलाशी येऊन अर्धं पान मोठ्यानं वाचायचं. अकरा पोरांना पाऊण तास जायचा. ऑगस्टपासून ते बंद झालं. रंग दिसत होते, मग ऐकायचं कशाला? त्या पाऊण तासात ते सरकारी माहितीचे कागद भरायचे. एकतीस वर्षं त्यांनी हजारभर पोरांचे आवाज ऐकले होते, कुणाचा कुठं अडतो ते भिंतीआडून सांगितलं असतं, आणि गेले सहा महिने त्यांनी एकाही पोराचा आवाज ऐकला नव्हता. त्यांना लाज वाटली. पण शनिवार उद्यावर आला होता.

वेल्ह्याचा कार्यक्रम छान झाला. असे कार्यक्रम छानच होतात. दीपप्रज्वलन झालं, पाहुण्यांनी आपल्या लहानपणीची शाळा सांगितली, साहेबांनी पाहुण्यांची स्तुती केली. मग अश्लेषाचं नाव पुकारलं. नवा फ्रॉक, दोन रिबिनी, तेल लावून घट्ट घातलेल्या वेण्या. ती टॅबसमोर उभी राहिली आणि चिमण्यांचं पान तिनं असं वाचलं, की मागच्या रांगेतले गप्पा मारणारे शिक्षकसुद्धा गप्प झाले. बोट मात्र एका ओळीनं पुढं होतं. विहिरीत वाकून बघणाऱ्या चिमणीपाशी आवाज होता, तेव्हा बोट चिमणी उडून गेली तिथं पोचलं होतं. सगळ्या सभेत हे फक्त दोघांना दिसलं. वसंतराव स्टेजवर बसले होते आणि सुलक्षणा बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत. ते बघून तिनं मान खाली घातली होती आणि ओठ मुलीच्या बरोबरीनं हलत होते.

टाळ्या थांबेनात. पाहुण्यांनी अश्लेषाला प्रमाणपत्र आणि गोष्टींची पाच पुस्तकं दिली. शार्दूलनं माईक घेऊन सांगितलं, की लाल गटातली ही मुलगी आता कायमची हिरव्या गटात गेली आहे. तिच्यासाठी गुरुजींना वेगळा वेळ द्यायची गरज उरली नाही, तो वेळ आता गरजू मुलांना देता येईल. पुन्हा टाळ्या. वसंतरावांच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. फोटोत त्यांचे डोळे मिटलेले आले, असं शार्दूल हळहळून म्हणाला.

परतताना गाडीवर तिघं होती. मधे अश्लेषा, मागं पुस्तकं आणि नारळ मांडीवर धरून सुलक्षणा. वसंतरावांना वाटलं होतं की संपल्यावर मोकळं वाटेल. वाटलं नाही. वाटेत एका टपरीपाशी त्यांनी गाडी थांबवली आणि वडापाव सांगितला. सुलक्षणा पलीकडच्या दुकानात मीठ-मिरची घ्यायला गेली. अश्लेषा बाकावर पाय हलवत बसली, वडापाव खाऊन झाल्यावर फ्रॉकला हात पुसले, आणि पिशवीतलं सगळ्यात वरचं पुस्तक काढून मांडीवर उघडलं. चित्र बघितलं. चित्राखालच्या ओळीवर बोट ठेवलं, थोडा वेळ ठेवलं आणि उचललं.

"गुरुजी, समदं झालं न्हवं आता?"

"झालं."

"टाळ्याबी झाल्या?"

"झाल्या की."

"मग आता मला वाचाया शिकवाल?"

वसंतरावांनी चहाचा कप खाली ठेवला. पोरांना शाळेत घालायला आईबापं हाताला धरून आणतात. कुणी रडत येतं, कुणी खाऊच्या आशेनं, कुणी मोठ्या भावाच्या मागं. नोकरीच्या एवढ्या वर्षांत शिकवा म्हणून स्वतःच्या तोंडानं मागणारं हे पहिलंच पोर होतं. आणि ते गेली तीन वर्षं त्यांच्याच वर्गात बसत होतं.